पाहुणा आणि बिऱ्हाडकरू

शहराच्या एखाद्या मोहल्ल्यात चार दिवस पाहुणा म्हणून उतरणे आणि त्याच मोहल्ल्यात बिऱ्हाड करून राहणे, या दोन गोष्टींतील अंतर वाङ्मयात जितके स्पष्ट उमटते तितके दुसरीकडे क्वचितच उमटत असेल. आमच्या टीकाकारांनी मात्र त्याचा विचार फारसा केलेला नाही. मुंबईविषयीची पुस्तके 'महानगरीय', 'दलित', 'कामगार' अशा कप्प्यांत घालून ठेवण्याची रीत आता रूढ झाली आहे. लेखक कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, कोणत्या चळवळीतला, हे आपण प्रथम विचारतो. ज्या वस्तीविषयी तो लिहितो त्या वस्तीत त्याने खोलीचे भाडे भरले होते काय, तेथल्या नळावर त्याच्या घरची घागर रांगेत होती काय, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हा दुसरा प्रश्न विचारणार आहो. आणि तो साऱ्या मुंबईविषयी विचारण्याचे आमचे सामर्थ्य नसल्याने नागपाडा, कामाठीपुरा, फोरास रोड आणि गोलपिठा एवढ्याच टापूपुरता विचारणार आहो.

परभणीसारख्या ठिकाणी बसून मुंबईच्या या गल्ल्यांची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला पहिले उत्तर नावातच आहे. कामाठीपुरा हे नाव ज्या कामाठी मजुरांवरून पडले ते निजामाच्या मुलखातून, मुख्यत्वे तेलंगणातून, मुंबईस आलेले तेलुगु बोलणारे लोक होते. मुंबईचे रस्ते आणि इमारती उभारण्यात त्यांचे हात राबले. म्हणजे ज्या राज्याची आमचे आजे-पणजे प्रजा होते त्याच राज्याच्या मजुरांनी ही वस्ती वसविली. दुसरे उत्तर असे की, आमच्या परभणी जिल्ह्याचे 'मोठे शहर' दोनदा निरनिराळे झाले आहे. १९४८ पर्यंत शिक्षण, फिर्याद, नोकरी, औषधपाणी या सर्वांसाठी हैदराबादेस जावे लागे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि आमचे तोंड पश्चिमेकडे वळले. रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी मुंबईस उतरावे, चुलतभावाच्या किंवा मेव्हण्याच्या दहा-बारा फुटांच्या खोलीत पथारी पसरावी, हे गेल्या दोन-तीन पिढ्यांत आमच्याकडील पुष्कळ कुटुंबांनी केलेले आहे. पाहुणा म्हणजे काय हे आम्हांस चांगले ठाऊक आहे.

हा पाहुणा परत आल्यावर काय सांगतो ते आठवून पाहावे. किती तऱ्हेची माणसे, किती तऱ्हेच्या टोप्या, एकाच रस्त्यावर मशीद, देऊळ, अग्यारी आणि चर्च. पावाचा वास, अत्तराचा वास, चामड्याचा वास! त्याच खोलीतील वहिनीला विचारले तर ती असे काही सांगत नाही. ती सांगते की पाणी पहाटे येते, समोरच्या खोजा बाईकडे खोलीची दुसरी किल्ली असते, खालचा दुकानदार महिनाअखेरपर्यंत उधार ठेवतो पण त्याच्या पुतण्याशी भांडण झाल्यापासून तिकडे जाता येत नाही. पाहुण्याला वैचित्र्य दिसते. बिऱ्हाडकरूला देणेघेणे दिसते. दोघेही खरेच बोलतात. परंतु विविध लोकांच्या वस्तीचे मर्म पाहुण्याच्या यादीत सापडते की वहिनीच्या तक्रारीत, हा वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आमचा कौल वहिनीकडे आहे.

मराठीत या विषयाचा आरंभ यादीने झाला, हे स्वाभाविकच होते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहरातील जाती, धंदे, बाजार, देवळे, तलाव, रस्ते, सणवार यांची त्यात आलेली नोंद आजही उपयोगी पडते. माडगांवकर लहानपणापासून मुंबईत वाढलेले, तेथेच शिकलेले आणि तेथेच शिक्षक झालेले गृहस्थ. त्यांना पाहुणा कोण म्हणेल? तरीही पुस्तक पाहुण्याच्या हाताने लिहिलेले आहे. प्रत्येक ज्ञाती आपापल्या परिच्छेदात नीट उभी आहे, आणि एका परिच्छेदातून दुसऱ्यात कोणी साखर मागावयासही जात नाही. हा दोष माडगांवकरांचा म्हणण्यापेक्षा त्या वाङ्मयप्रकाराचा आहे. पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पाहुणेपण पत्त्यावर अवलंबून नसते. जन्मभर एका गल्लीत राहूनही तिचे चित्र पाहुण्यासारखे काढता येते, आणि आमच्या लेखकांपैकी बऱ्याच जणांनी ते तसेच काढले आहे.

पुढे चाळ आली. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) हे बिऱ्हाडकरूंचे पुस्तक आहे यात शंका नाही. साठ बिऱ्हाडांचा तो संसार देण्याघेण्यावर, रुसव्याफुगव्यांवरच चालतो. मात्र तेथील विविधता मराठी पांढरपेशाच्या पोटभेदांची आहे. मुंबई म्हणून जे म्हणतात ते चाळीच्या फाटकाबाहेर राहते. विनोदास घरच्या माणसांची मंडळी लागते, म्हणून लेखकाने असे केले असेल. आमचे भांडण त्याच्याशी नाही, त्या चाळीलाच मुंबई समजून बसलेल्या वाचकांशी आहे. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) या कादंबऱ्या फाटकाबाहेर गेल्या, झोपडपट्टीत शिरल्या, आणि त्यांनी वाचकाला हलविले. तथापि त्या वाचून खाली ठेवताना आपण एका दुःखद प्रदर्शनातून बाहेर आलो असे वाटते, हे आम्ही लपवीत नाही.

आता आमच्या टापूकडे वळू. ग्रँट रोड, भायखळा आणि मुंबई सेंट्रल या स्थानकांच्या मध्ये तो पसरलेला आहे. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. पलीकडे मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती झाली. भायखळ्यास डेव्हिड ससूनने १८६१ साली बगदादी यहुद्यांसाठी बांधविलेले प्रार्थनामंदिर अद्याप उभे आहे, यहुदी मात्र बहुतेक निघून गेले. घाटावरून, पुणे-नगरकडून, महार व इतर अस्पृश्य मानलेल्या जातींची माणसे गोदीत, गिरणीत आणि मिळेल त्या मजुरीवर आली व येथेच खोल्या धरून राहिली. नाटकगृहांच्या भागास इंग्रजांनी 'प्ले हाऊस' म्हटले; त्याचे लोकांनी 'पिला हाऊस' केले. या एका शब्दात त्या वस्तीचा भाषाव्यवहार दिसून येतो. वेश्यावस्ती म्हणून या भागाची दुष्कीर्ती एवढी झाली की तेथे शिंपी, चर्मकार, हमाल, शाळकरी मुले आणि म्हाताऱ्या आज्या राहतात हे पांढरपेशा समाजाच्या गावीही नव्हते.

त्या समाजाच्या टेबलावर १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' येऊन पडला. ढसाळांचा जन्म १९४९ सालचा, पुणे जिल्ह्यातील कनेरसरचा. लहानपणीच ते मुंबईस आले. वडील मांसाच्या दुकानी कामाला. राहणे ढोर चाळीत. पुढे स्वतः टॅक्सी चालविली. या कवितेची थोरवी आता सर्वमान्य आहे, तिचे स्तोत्र आम्ही पुन्हा गात नाही. आमचे लक्ष त्या पुस्तकाच्या रचनेकडे आहे. कवितांच्या आधी विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकरांना त्या कवितांतील कितीतरी शब्द कळले नाहीत. त्यांनी ते कवीला विचारले, आणि कवीबरोबर त्या गल्ल्यांतून हिंडून आले. प्रस्तावना हा त्या भेटीचा वृत्तांत आहे. एकाच पुठ्ठ्यात आधी पाहुणा आणि मग बिऱ्हाडकरू, असे दुसरे पुस्तक मराठीत आम्हांस आठवत नाही.

त्या प्रस्तावनेवर पुढे पुष्कळांनी नाके मुरडली. दलित कवीला ओळख करून देण्यास पांढरपेशा नाटककार कशाला हवा, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु पाहुणा म्हणून तेंडुलकरांचे वर्तन निर्दोष होते असे आमचे मत आहे. त्यांनी आपण पाहुणे आहो हे सांगितले, अर्थ विचारून घेतले आणि उंबरठ्यापाशी थांबून पुढची जागा कवीला मोकळी करून दिली. यजमानाच्या घरी चार तास बसून मग यजमानाच्याच आवाजात बोलू लागणाऱ्या पाहुण्यांची आमच्याकडे वाण नाही. त्यांच्यापेक्षा हा माणूस शतपटीने बरा.

येथे परभणीकर वाचकाचा एक निराळा अनुभव सांगितला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'गोलपिठ्या'ची भाषा सर्वस्वी परकी वाटली. आमच्याकडील वाचकाला ती तशी वाटत नाही. धंद्यातले गुप्त शब्द आम्हांसही कळत नाहीत हे खरे. परंतु मराठी वाक्य चालता चालता उर्दूत शिरणे, क्रियापद हिंदीचे आणि प्रत्यय मराठीचा असणे, शिवीला दखनीची लय असणे, हे आमच्या बाजारात रोजचे आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून होते. मराठी बोलणारा वकील उर्दूत अर्ज लिही, घरी मराठीत पत्र लिही, आणि हिशेब मोडीत ठेवी. अशा घरातील नातवाला ढसाळांचे मिश्र वाक्य बंडखोर वाटण्याआधी ओळखीचे वाटते. यास्तव या कवितेने मराठी भाषा मोडली, असे जे वारंवार म्हटले जाते, ते आम्हांस अर्धेच पटते. तिने प्रमाण मराठी मोडली. बोलली जाणारी एक मराठी तिने प्रथमच कागदावर आणली. दर फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसास जमणाऱ्या गर्दीत तासभर उभे राहिले म्हणजे त्या मराठीचे सर्व नमुने कानी पडतात.

परंतु शेजाराच्या दृष्टीने पाहता 'गोलपिठ्या'त एक उणीव आम्हांस जाणवते. तेथे जमाव आहे, आक्रोश आहे, शहरभर आग लावील असा संताप आहे. शेजारी त्या मानाने थोडे आहेत. मंदाकिनी पाटील हिला नावाने हाक मारणारी कविता आहे, आणि ती त्या संग्रहातील थोर कवितांपैकी एक आहे; पण अशी नावे विरळाच. कवीचे सगळ्या पिडलेल्यांशी नाते आहे, म्हणून एकट्या-दुकट्याशी थांबून बोलावयास त्याला उसंत नाही. क्रांतीच्या कवीला ही उसंत नसावी हेच योग्य, असे त्याचे चाहते म्हणतील. म्हणोत बापडे.

ही उसंत सहा वर्षांनी गद्यात मिळाली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. आत्मचरित्र म्हणून, दलित वाङ्मयाचा आरंभीचा टप्पा म्हणून, त्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. गावगाड्याच्या भागाची चर्चा अधिक झाली, कारण नावच तसे आहे. आमच्या मते त्या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नागपाड्याजवळच्या कावाखान्याचे वर्णन. नगर जिल्ह्यातील धामणगावचा हा मुलगा बालपणीची काही वर्षे तेथे राहिला. एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडे. पुरुष मिळेल त्या मजुरीवर. बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे वेचून आणीत, निवडून वेगळे करीत आणि विकून येत. काही बायका शेजारच्या वेश्यांची लुगडी धुऊन देत. काही त्यांना घरगुती जेवण रांधून देत, कारण बाजारचे खाऊन त्या विटलेल्या असत.

या शेवटच्या दोन कामांपाशी आम्ही वाचताना दर वेळी थांबतो. माडगांवकरांच्या रीतीने लिहिणाऱ्याने येथे दोन परिच्छेद केले असते : एक महार स्त्रियांचा, एक वेश्यांचा. पाहुण्याने दोघींकडे पाहून उसासा टाकला असता. पवार आपणांस एवढेच सांगतात की ही तिचे कपडे धुते आणि ती हिला पैसे देते. हिच्या हातची भाकर तिला गोड लागते. एकीला गावाने शिवू दिले नाही, दुसरीला शहराने. आणि या दोघींत व्यवहार आहे, त्यात घासाघीस आहे, त्यातच थोडी माया आहे. वेगवेगळे लोक एके ठिकाणी राहतात म्हणजे नेमके काय करतात, याचे इतके साधे उत्तर आम्ही दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकात वाचलेले नाही. कोणी यास सलोखा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. सलोखा हा शब्द पाहुण्यांचा, समितीत बसणाऱ्यांचा आहे. बिऱ्हाडकरूंमध्ये असतो तो वहिवाटीचा संबंध, आणि तो भांडणाने तुटत नाही, कारण लुगडी उद्याही धुवावयाचीच असतात.

टापूच्या जरा बाहेर, गिरणगावाकडे गेले तर नारायण सुर्वे यांची 'शीगवाला' ही कविता याच जातीची आहे. त्यात दाऊद नावाचा एक कसाबाचा धंदा करणारा वृद्ध कवीशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बोलतो. दंगलीच्या दिवसांत दुसऱ्याचा जीव वाचविताना त्याचा पाय गेलेला आहे, आणि या गोष्टीला तो साक्षीदार म्हणून कवीच्या आईचे नाव घेतो. मानवतेविषयीच्या व्याख्यानाहून ही कविता वेगळी होते ती या साक्षीमुळे. दाऊदचे मोठेपण साऱ्या जगाला पटवावयाचे नाही. चाळीतल्या एका बाईने ते पाहिले आहे, तेवढे पुरे आहे.

बिऱ्हाडकरू होणे हे तरी सर्वांच्या हाती कोठे असते? आम्ही वर भाड्याची गोष्ट केली. ती करताना भाडे देऊ करूनही ज्याला खोली मिळत नाही त्याचा विचार केला पाहिजे. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा सारा ताण एका खोलीवर आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परक्या गावी राहावयास जागा शोधतो, जात सांगत नाही, जागा मिळते. आणि जात उघडी पडते तेव्हा मार खातो. कारखान्यात एका यंत्रावर काम करणारे हात खोलीच्या दाराशी येऊन निराळे होतात. या कथेला साठ वर्षे उलटून गेली. आज घरमालक जात विचारीत नाही, आहार विचारतो. आडनाव ऐकून खोली कालच दिली गेल्याचे सांगतो. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे, सुमारे ९०० माणसे मेली. त्यानंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. ज्या खोल्या त्यांनी सोडल्या त्यांत कोण आले, मागे राहिलेल्या शेजारणीने कोणाकडे किल्ली ठेवावयास सुरुवात केली, हे सांगणारी कादंबरी मराठीत यावयास हवी होती. जयंत पवार यांनी 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या संग्रहात गिरण्या बंद पडल्यानंतरची माणसे ज्या बारकाईने पाहिली, त्या बारकाईने ही कथा कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. दरम्यान कामाठीपुऱ्याच्या जुन्या चाळी पाडून तेथे मनोरे बांधण्याची योजना आखली गेली आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींच्या १९५ इमारतींचा पुनर्विकास तर सुरूच आहे. नव्या घरात संडास आत येतो, पाणी आत येते. रहिवाशांनी ते का मागू नये? जुन्या चाळीचे गोडवे गाण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. पण गॅलरीबरोबर जी एक भाषा आणि जे देणेघेणे जाईल त्याची नोंद आत राहिलेल्याने करून ठेवावी, एवढे मागणे गैर नव्हे.

इतका वेळ आम्ही मराठी पुस्तकांविषयीच बोललो, आणि येथेच आमच्या विवेचनाची मर्यादा उघड होते. कावाखान्यात तो मुलगा वाढत होता सुमारे त्याच काळात त्याच नागपाड्याच्या परिसरात सआदत हसन मंटो राहत होते. १९४८ च्या जानेवारीत ते लाहोरास गेले. मुंबईच्या आठवणींवरचे त्यांचे बरेच लेखन त्यानंतरचे आहे. त्यांच्या 'ममदभाई' या कथेत फोरास रोडच्या आसपासचे जग आहे, तिचा निवेदक परगावाहून येऊन खोली घेऊन राहणारा आहे, आणि ज्याची सर्वांना दहशत तो दादा त्याच्या आजारात त्याच्या उशाशी येऊन बसतो. हेही शेजाराचेच वाङ्मय. मंटो आणि पवार एकाच रस्त्याने गेले असतील, एकाच इराण्याच्या दुकानावरून वळले असतील. परंतु मराठी टीकेत पवारांच्या शेजारी मंटो बसविलेले आम्ही पाहिले नाहीत, आणि उर्दू टीकेत मंटोंच्या शेजारी पवार बसविले गेले असतील असे वाटत नाही. मिश्र वस्तीचे वाङ्मय निरनिराळ्या लिप्यांत वाटले गेलेले असते. ज्याला एकच लिपी येते तो त्या गल्लीच्या अर्ध्या भागात पाहुणाच असतो, मग त्याचा जन्म तेथला का असेना.

मराठवाड्यातील मागच्या पिढ्यांना ही अडचण नव्हती. आमच्याकडील शिकलेली माणसे दोन्हीकडचे वाचू शकत असत. निलंग्याचे सेतु माधवराव पगडी यांनी इतिहास लिहिला, गोंडांच्या भाषेचा अभ्यास केला आणि गालिबच्या गझलांवर मराठीत पुस्तकही लिहिले. त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखे वाटले नसावे. हैदराबादेच्या सुलतान बाजारात किंवा गौळीगुड्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या एका बाजूस तेलुगु, दुसऱ्या बाजूस कानडी आणि समोर उर्दू असे. विवेकवर्धिनी शाळेत मराठी शिकावी आणि रस्त्यावर येऊन बाकीच्या भाषा शिकाव्या, असा तो क्रम होता. १९४८ नंतर हा क्रम मोडला. उर्दू ही जुलमी राजवटीची भाषा म्हणून मनातून उतरली. रझाकारांचे दिवस ज्यांनी सोसले त्यांनी असे का केले हे समजते. पण त्यात शेजाऱ्याची भाषाही गेली, आणि आमच्या आजोबांनी सहज वाचला असता तो मंटो आम्ही अनुवादात वाचतो.

आमच्या परभणीस या दोन्ही जगांत पाय असलेला एक लेखक मिळाला होता. बी. रघुनाथ हैदराबादेस शिकले, निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, परभणीत राहिले आणि चाळिशीतच १९५३ साली येथे वारले. त्यांच्या कथासंग्रहांची नावेच पाहावी : 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल'. पुण्याच्या लेखकाने 'साकी' हे नाव दिले असते तर ते अरबी-फारसी शोभेसाठी दिले असते, बी. रघुनाथांना तो शब्द शेजारून मिळाला होता. मराठवाड्यातील लहान शहर, त्यातील मोहल्ला, त्यातील कारकून, हे सर्व त्यांनी बिऱ्हाडकरूच्या डोळ्यांनी पाहिले. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या नावाने साहित्याचे कार्यक्रम होतात. त्यांची पुस्तके घरोघरी वाचली जातात असे मात्र म्हणवत नाही. मुंबईच्या टीकाकारांनी त्यांना 'प्रादेशिक' ठरविले; आम्ही त्यांना 'आमचे' ठरविले; वाचण्याचे काम दोघांनीही पुढे ढकलले.

त्यांच्यानंतर या शहराचा मोहल्ला कोणी लिहिला? शेतीची, दुष्काळाची, गावाची कथा मराठवाड्याने मनापासून लिहिली. शहरातील तो भाग, जेथे बोहऱ्याचे दुकान, मारवाड्याची पेढी, जैनाचे मंदिर आणि दर्ग्याची वाट एकमेकांस खेटून आहेत, तो जवळजवळ तसाच राहून गेला. आता नव्या वसाहती होत आहेत त्या, आमच्या पाहण्यात, एकेका समाजाच्या होत आहेत. जुन्या भागातून निघून नव्या घरात गेलेली मंडळी सणाला जुन्या गल्लीत जातात ती पाहुणे म्हणून, आणि परत येऊन पाहुण्यासारखेच वर्णन करतात : काय ती गर्दी, काय ते वास!

तरी अशा एखाद्या कादंबरीस लागणारी सामग्री अजून घराघरांत पडून आहे. निजामशाहीतील खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, वाटणीपत्रे, जमिनीचे जुने कागद यांपैकी पुष्कळ उर्दूत आहेत. वाड्याचा अर्धा भाग कोणी कोणाला कधी दिला, सामाईक भिंत कोणाच्या पैशाने उभी राहिली, विहिरीवर कोणाचा किती हक्क, हे सर्व त्यांत लिहिलेले आहे. वारसांना ते वाचता येत नाही. वाद निघाला म्हणजे ट्रंकेतून कागद बाहेर काढतात आणि ते वाचून घेण्यासाठी जुन्या मोहल्ल्यात जाऊन उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थांचे दार ठोठावतात. बहुधा त्यांच्या वडिलांची सहीही त्याच कागदावर, साक्षीदार म्हणून, खाली असते.